दहा म्हणेपर्यंत

४ मार्च

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. डेंटिस्टबाईंनी एकदम नऊ कवळ्यांची मापं पाठवली आणि सगळ्या शनिवारपर्यंत हव्यात म्हणे. माणसं दातांशिवाय वर्षं काढतात, पण एकदा माप दिलं की त्यांना चार दिवस धीर धरवत नाही. सध्या माझ्या टेबलावर इतकी तोंडं आ वासून बसली आहेत की चहा प्यायलाही संकोच वाटतो.

विषय मुंगीचा आहे, म्हणून पत्र. आपला नियम आहेच: फोन मुंगीचा, पत्र आपलं. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची माझ्या कामाची. मी फोनवर कितीही हळू बोललो तरी ती मागच्या खोलीतून उत्तर देते.

तर, तिच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस पंधरा तारखेला आहे. तिची आई आठ मुलांना सिनेमाला नेणार आहे. ज्याच्या हातातून वीज निघते, तोच सिनेमा. निम्म्या वर्गाच्या पाण्याच्या बाटल्यांवर त्याचं चित्र आहे. मुंगीने मला 'जाऊ का' असं विचारलं नाही. निमंत्रणाचं कार्ड तिने माझ्या टेबलावर दोन साच्यांच्या मध्ये उभं करून ठेवलं आणि निघून गेली.

तिची आई जाऊन दीड वर्ष झालं. मी खाली दुकानातून दूध घेऊन येईपर्यंत ती आता कुठे घरात एकटी थांबायला लागली आहे. तेही तुझ्या जोरावर. दर रविवारी फोनच्या सुरुवातीला तू म्हणतेस ना, 'डोळे मीट, राणी. मी आहे ना. दहा म्हणेपर्यंत काही होत नाही.' मग दोघी मोजता आणि दहाला तुझी गोष्ट सुरू होते. ते आता ती एकटी असताना स्वतःशी म्हणते. तुझ्याच आवाजात, तुझ्यासारखी 'राणी'वर मान वाकडी करून. मी जिन्यात उभा राहून ऐकलंय.

पोस्टरवर लिहिलंय की लहान मुलांनी पालकांबरोबर बघावा. म्हणजे पालकांनी नेमकं काय करायचं? पडदा धरून ठेवायचा? मला फक्त एकच गोष्ट सांग. या उडणाऱ्या मंडळींची आई पहिल्या दहा मिनिटांत मरते. सगळ्यांचीच. त्याशिवाय त्यांना उडायची परवानगी मिळत नसावी. यात आई मरते का? तू त्यात आईचाच आवाज दिलायस, म्हणून तुला विचारतोय. तू 'ने' म्हणालीस तर मी स्वतः बरोबर जाईन. नको म्हणालीस तर पंधरा तारखेला आमच्याकडे कुणाला तरी ताप येईल.

तुझा,
छोट्या


९ मार्च

प्रिय छोट्या,

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तू दात करून भरतोस, तेव्हा तक्रार करू नकोस. आपण दोघं लोकांच्या तोंडात काहीतरी बसवूनच जगतो. तू दात बसवतोस, मी शब्द. तुझी गिऱ्हाइकं निदान चावून बघतात तरी.

आधी निकाल सांगते: ने. बिनधास्त ने. आई मरत नाही. अरे, मीच आई आहे, मला कळणार नाही का? पहिल्या रिळात मी आहे, मधल्या रिळांत आहे आणि पार शेवटच्या रिळात त्या लेकराला जवळ घेऊन मी बोलते आहे. मेलेली बाई शेवटच्या रिळात कुठून बोलेल?

सिनेमा मी स्वतः बघितलाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मारामारी आहे, पण ती यंत्रांशी. रक्ताचा थेंब नाही. थोडा आवाज मोठा आहे, कानाला रुमाल बांध हवं तर. तू अगदी लहानपणासारखा आहेस, पाण्यात उतरायच्या आधी पाण्याला दहा प्रश्न विचारणारा. पोरीला जरा मोकळी सोड. तिची आई असती तर पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला घेऊन गेली असती आणि मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईला सांगितलं असतं की हा आमच्या ताईंचा आवाज. तिने तुमच्या अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं, आठवतं? मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा.

जास्त लिहीत नाही, गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे. पण एक सांगते. मुंगीसाठी त्यात एक गंमत आहे. फक्त तिच्यासाठी. तिला आधी सांगू नकोस. ती गंमत येईल तेव्हा पडद्याकडे बघू नकोस, मुंगीकडे बघ, आणि तिचं तोंड कसं झालं ते मला सविस्तर कळव. बावीस वर्षं काचेच्या खोलीत उभी राहून बोलते आहे. रस्त्यात मला कुणी ओळखत नाही. एकीने तरी ओळखावं.

आणि मे महिन्यात पंधरा दिवस तिला माझ्याकडे पाठव. पलंग रिकामाच आहे.

तुझी,
ताई


१८ मार्च

प्रिय ताई,

नेलं. सिनेमा मोठा होता, अडीच तासांचा. केक चांगला होता. मुंगी दमली आणि येताना रिक्षातच झोपली.

गंमत कळली.

नऊपैकी एक कवळी परत आली. म्हातारा म्हणतो, ही घातली की मी दुसऱ्याच कुणासारखा दिसतो. पुन्हा करतोय.

तुझा,
छोट्या


६ एप्रिल

प्रिय छोट्या,

तुझं पत्र आहे की तार? आणि 'गंमत कळली' म्हणजे काय? मी इथे पोस्टमनची वाट बघून खिडकीचा पडदा मळवला. तिने आवाज ओळखला का? काय म्हणाली? तू तिच्याकडे बघितलंस का?

बरं, तेही सोड. तीन रविवार झाले, मुंगी फोनवर येत नाही. पहिल्या रविवारी ती अंघोळीला गेली होती. दुसऱ्या रविवारी शेजारी खेळायला. तिसऱ्या रविवारी पुन्हा अंघोळीला, तेही अकरा वाजता. इतकी स्वच्छ मुलगी आपल्या खानदानात झालेली नाही. परवा तर मला मागून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला आणि तू म्हणालास की झोपली आहे.

मी मूर्ख नाही. तू माझ्यावर रागावला आहेस, आणि का ते मला माहीत आहे. मी सुट्टीत तिला पाठव म्हणाले, ते तुला लागलं. तुला वाटलं, ताईला मूल नाही, म्हणून ती माझं ओढून घेते आहे. मागे मावशीही तसं बोलली होती, तेव्हा तू गप्प बसला होतास, तेही मी विसरलेले नाही. छोट्या, मी तिला तुझ्यापासून तोडत नाहीये रे. पण तूही तिला माझ्यापासून तोडू नकोस. आठवड्यातली ती वीस मिनिटं मी कुणाच्या तरी ओठांवर न बोलता माझं माझं बोलते. बाकी सहा दिवस मी राणी असते, चेटकीण असते, साबण विकणारी बाई असते.

राग असेल तर लिही. पण पोरीला मध्ये आणू नकोस.

ताई


११ एप्रिल

प्रिय ताई,

मी रागावलेलो नाही. निदान सुट्टीवरून तरी नाही. मावशी बोलली तेव्हा मी गप्प बसलो, कारण मला काय बोलावं ते सुचलं नाही. ते मनात ठेवू नकोस.

मुंगीला सध्या फोन नको वाटतो. मुलं बदलतात. सुट्टीचंही आत्ता नको.

एकच विचारतो. तू तो सिनेमा खरंच पूर्ण बघितला होतास ना? पत्रात तसं लिहिलंयस. मी ते पत्र चार वेळा काढून वाचलं. उत्तर 'हो' असेल तर पुन्हा त्याबद्दल काही लिहू नकोस. मग मला तुझ्याबद्दल वेगळा विचार करावा लागेल आणि तो मला करायचा नाही.

छोट्या


२० एप्रिल

छोट्या,

नाही.

मी सिनेमा बघितला नव्हता. तुझं पत्र आल्यावर, काल दुपारी बघितला. तिकीट काढून, सगळ्यात मागच्या रांगेत बसून. थिएटरात मोजून नऊ माणसं होती.

आता सगळं सांगते. यातलं काहीही मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

असले मोठे सिनेमे चोरीला जाऊ नयेत म्हणून आम्हाला पाठवताना चित्र काळं करून पाठवतात. आख्खा पडदा काळा, आणि त्यात बशीएवढं एक गोल भोक. भोकात फक्त बोलणारीचे ओठ, फार तर नाकाचं टोक. ती कुणाशी बोलते, कुठे उभी आहे, मागे काय जळतंय, काही दिसत नाही. संगीत नाही. हातातल्या कागदावर फक्त माझीच वाक्यं, समोरच्याची नाहीत. ओठ उघडले की बोलायचं, मिटले की गप्प. दोन दिवसांत काम संपतं. गोष्ट काय होती ते मला इतरांसारखंच पोस्टरवरून कळतं, आणि बहुतेक वेळा तेही मी बघत नाही. मुंगीची आई विचारायची, 'ताई, पुढे काय होतं हो?' आणि मी थापा मारायचे. ती त्या थापा इमारतीत वाटायची. बावीस वर्षं तुम्ही मला सिनेमातली समजता. मी भोकातली आहे, हे सांगायला जीभ वळली नाही.

काल काय बघितलं ते ऐक. आई बाराव्या मिनिटाला मरते. पूल कोसळतो आणि ती खाली जाते. तू दहा मिनिटं म्हणाला होतास, दोन मिनिटांनी चुकलास. मी ज्या वाक्यांच्या भरवशावर तुला 'मरत नाही' लिहिलं, ती पुढची सगळी वाक्यं आईची नाहीतच. दुसऱ्यांचे चेहरे घालून फिरणारा तो राक्षस आईचा चेहरा घालून येतो. माझा आवाज घेऊन येतो.

आणि मग ते. त्या प्रसंगाला मूळ वाक्यात ओठ तीनदा मिटत होते आणि आम्हाला लिहून आलेलं वाक्य काही केल्या बसेना. पुढे एक ते दहा मोजायचं होतंच. डबिंग करून घेणारी बाई काचेपलीकडून म्हणाली, 'ताई, तुमचंच काहीतरी सुचवा ना, आईसारखं.' मला एका क्षणात सुचलं. 'डोळे मीट, राणी. मी आहे ना. दहा म्हणेपर्यंत काही होत नाही.' ओठाला ओठ असा बसला की ती खुर्चीतून उठून उभी राहिली. मलाही आनंद झाला. ती हे कुणाला म्हणते, मुलाला की मुलीला, तेही कागदावर नव्हतं; 'राणी' मी घातलं.

ती म्हणत होती, अजून गोड. अजून गोड. मी विचारलं, इतकं गोड कशाला? ती म्हणाली, मलाही माहीत नाही, वरून तशी सूचना आहे. मोजताना नवापर्यंत ओठ नीट हलत होते. दहाला हललेच नाहीत. मी थांबले. म्हटलं, चित्र अडकलंय. काचेपलीकडचा यंत्रावरचा माणूस म्हणाला, नाही अडकलं, असंच आहे, तुम्ही म्हणा. मी म्हटलं.

काल मी बघितलं की दहाला ते ओठ का हलत नव्हते. तो चेहरा सोलल्यासारखा खाली येत होता, छोट्या. आणि वरून माझा आवाज 'दहा' म्हणत होता, गोड.

माझ्या पुढच्या रांगेतला माणूस हसला. मी उठून प्रसाधनगृहात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

मी खोटं का लिहिलं ते तू विचारलेलं नाहीस, पण मी सांगते. मला कळत होतं की मी बघितलेला नाही. 'मला माहीत नाही रे, तू आधी एकटा बघून ये,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. मग मुंगी गेली नसती कदाचित. आणि मला ती जायला हवी होती. त्या मोठ्या अंधारात तिने माझा आवाज ऐकावा आणि ओळखावा, हे मला हवं होतं. तू तिच्यासाठी विचारलंस आणि मी माझ्यासाठी उत्तर दिलं. वर तुलाच शहाणपण शिकवलं, पोरीला मोकळी सोड म्हणून. मग तुझ्यावरच आरोप केले. ते पत्र जाळून टाक. माझी मला इतकी लाज वाटते की तुला फोन करायची हिंमत नाही.

तिने काय केलं ते मला सांग. मला वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस.

ताई


२८ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं असतं तर ते पाठवण्यासारखं नसतं.

गाळू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितो.

तुझा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती खुर्चीवर उभी राहिली. 'बाबा, आत्या!' इतक्या मोठ्याने की मागच्या बाईने तिला खाली बसवलं. मी पडद्याकडे बघत नव्हतो. तू सांगितल्याप्रमाणे तिच्याकडे बघत होतो. ताई, दीड वर्षात तिचं तसं तोंड मी बघितलं नव्हतं. हेही तुला कळायला हवं.

मग पूल पडला. तिने माझं बोट धरलं आणि म्हणाली, 'बाबा, घरी चल.' आम्ही कडेलाच बसलो होतो, दार चार पावलांवर होतं. मी म्हटलं, 'थांब, आई परत येणार आहे. आत्याने सांगितलंय.' आणि ती आलीच परत. तेव्हा मी मुंगीला म्हटलं, 'बघ!' मी म्हटलं, 'बघ, सांगितलं नव्हतं?'

पडद्यावरच्या बाईने 'डोळे मीट' म्हटल्यावर मुंगीने मिटले. ती तुझ्याबरोबर मोजायला लागली, मोठ्याने. बाकीची मुलं हसली. मी पडद्याकडे बघत होतो. सहा-सातला मला शंका आली. आठला खात्री पटली. तिचे डोळे मिटलेलेच होते. मला फक्त तिच्या कानात 'उघडू नकोस' एवढं म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं. मला पुढे काय होतंय ते बघायचं होतं, बाकी काही कारण नाही. चाळीस वर्षांचा माणूस तोंड उघडं टाकून बघत बसलो. आणि दहाला तिने डोळे उघडले, कारण दहाला तुझी गोष्ट सुरू होते.

ती किंचाळली नाही. वाढदिवसाच्या मुलीची आई नंतर म्हणाली, किती शहाणी आहे हो तुमची मुलगी.

तेव्हापासून ती दहा म्हणत नाही. शाळेत नऊनंतर अकरा म्हणते. बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली. फोन वाजला की कान झाकते. दूध आणायला मी तिला बरोबर घेऊन जातो. तू मला भित्रा म्हणतेस त्याचं काही नाही. पण त्या दिवशी घाबरायला हवं होतं तेव्हा मी घाबरलो नाही, याची लाज मलाही आहे. मी ती तुझ्यावर ढकलून महिनाभर बसलो. त्यात जरा बरं वाटत होतं.

राग आहे अजून. माझंही काम तसंच आहे ताई, माणूस मला दिसत नाही. डेंटिस्टबाईंकडून माप येतं, त्यावर मी दात बसवतो. पण मी त्या माणसाला बघितलंय, असं मी कुणाला सांगत नाही. तुला एवढंच बोलायचं होतं, ते बोललो. पुढे काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

आता दुसरं. मी शिकत असताना तुझ्या तोंडाचं माप घेतलं होतं, आठवतं? तू मला चावली होतीस. तो प्लॅस्टरचा साचा माझ्या कपाटात अजून आहे. पुढचा वाकडा दात, मागे तू लपवतेस ती अर्धी तुटलेली दाढ, सगळं. परवा मुंगी कपाट उपसत होती, तिला तो सापडला. 'हे कुणाचं तोंड?' मी म्हटलं, आत्याचं. तिने तो पटकन खाली ठेवला. दोन पावलं मागे गेली आणि विचारलं, 'निघालेलं आहे का?'

मी म्हटलं, 'नाही गं. हे नुसतं माप आहे. खरं तोंड आत्याकडेच आहे. माप घेताना मी दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं होतं. तरी निघालं नाही. उलट तिने मला चावलं.' मी तिला अंगठ्यावरचा व्रण दाखवला. ती हसली नाही. पण तिने साचा उचलला, फ्रॉकमध्ये गुंडाळला आणि मागच्या खोलीत घेऊन गेली. अजून परत दिलेला नाही.

तिला पत्र लिही. मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरं कमी. ती आता वाचते, बोट ठेवून. मी वाचून दाखवणार नाही. पत्राला आवाज नसतो, हे एक बरं आहे. आणि खरं लिही.

छोट्या


३ मे

मुंगी,

मी आत्या. हे मी हाताने लिहिते आहे.

सिनेमात माझा आवाज होता. ते तोंड माझं नव्हतं. मी एका लहान खोलीत उभी राहून बोलले. समोर काळा पडदा होता. पडदाभर काळं आणि मधे एक भोक. भोकात ओठ दिसत होते. ते कोणाचे होते ते मला माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं.

बाबाने मला विचारलं, सिनेमा कसा आहे. मी सांगितलं, मी बघितला, चांगला आहे. ते खोटं होतं. मी बघितलाच नव्हता. मोठी माणसं खोटं बोलतात तेव्हा लहान मुलांना भीती वाटते. तसं झालं.

दहाचं आपलं गुपित होतं. अर्धं तुझं, अर्धं माझं. मी ते तुला न विचारता देऊन टाकलं. ही चूक माझी आहे. बाबाची नाही. तू डोळे उघडलेस ही तुझी चूक मुळीच नाही.

माझं तोंड निघत नाही. मी आज आरशासमोर गाल ओढून बघितले. दुखलं. लाल झाले.

तुला फोन नको असेल तर नको. मी रागावणार नाही. मी रविवारी फोनजवळ बसते, कारण मला तिथे बसायची सवय आहे.

तुझी आत्या


११ मे

आत्या,

तुझं पत्र मी वाचलं. बाबांनी नाही वाचलं.

मी तुझे दात मोजले. एकोणतीस आले. बाबा म्हणाले, अठ्ठावीसच आहेत, तू दहा गाळलंस म्हणून एक वाढला. मी परत मोजले. परत एकोणतीस. मग मी दहा म्हटलं. हळू म्हटलं. साचा तसाच राहिला. मग अठ्ठावीस आले.

तुझा एक दात वाकडा आहे. सिनेमातल्या बाईचा नव्हता. मला आठवतं.

मी बाबांना विचारलं, आईचं माप आहे का. बाबा म्हणाले, नाही घेतलं. मी त्यांना तुझं धरायला दिलं.

रविवारी फोन कर. पण बोलू नकोस. गोड पण बोलू नकोस. तू डोळे मीट. मी मोजणार. दहाला पण गप्प बस.

अकरा म्हटलं की बोल.

मुंगी